सातबारा कुणाच्या नावावर?

हेव्हर कॅसलच्या खंदकावरच्या पुलावर उभी राहून आईने पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे सगळं कुणाच्या नावावर आहे गं?"

मी सकाळपासून गाडीत तिला इंग्लंडचा राजा हेन्री आठवा, त्याच्या सहा बायका, त्यातली दुसरी अ‍ॅन बोलिन, हे तिचं माहेर, मग त्याने तिचं डोकं कसं उडवलं, अशी सगळी स्टोरी सांगत आणलेली. मला वाटलं पाण्यात उभा असलेला तो वेलींनी भरलेला चिमुकला किल्ला बघून निदान "अगंबाई" तरी म्हणेल. पण नाही. आईने तहसील कचेरीत ३१ वर्षं काढलीत आणि त्यातली निम्मी जमिनीच्या रेकॉर्डच्या टेबलावर, त्यामुळे ताजमहाल जरी दाखवला तरी ती आधी फेरफार विचारणार. (गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, हे वाचल्यावर ती मला ऐकवणारच आहे. पण तिच्या स्वतःच्या तोंडात सातबाराच असतो, काय करणार.)

तर झालं असं की आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळली. नातू शाळेत, आम्ही दोघं लॅपटॉपसमोर, बाहेर पाऊस, टीव्हीवर काय बोलतात कळत नाही. कुरडया तळून झाल्या, कपाटं आवरून झाली, शेजारच्या आजोबांशी खाणाखुणांनी टोमॅटोच्या रोपांवर चर्चा झाली. म्हणलं आता हिला बाहेर काढलं पाहिजे. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, आणि इथे गाडीने तासाभरात इतके कॅसल आणि जुने वाडे आहेत की सहा महिने पुरणार नाहीत. मला स्वतःला ट्युडर राजांचं, म्हणजे हेन्रीच्या घराण्याचं, वेड आहेच. नवरा म्हणतो की मला सासरचे चुलत दीर आठवत नाहीत पण हेन्रीच्या बायका क्रमाने पाठ आहेत, आणि ते खरंय.

हेव्हरच्या बाबतीत आपल्याकडून जाणाऱ्या माणसाचा एक घोळ होतो तो आधी सांगते. कॅसल म्हणलं की आपल्या डोक्यात किल्ला, आणि किल्ला म्हणलं की राजगड. तीन तास चढ, घाम, वर गेल्यावर वारा आणि पिठलं-भाकरी. हेव्हरला खंदकाला चक्कर मारायला पाच मिनिटं लागतात. मी पहिल्यांदा बघितलेला तेव्हा चक्क हिरमुसले होते, हा काय किल्ला. आईने मात्र बघताक्षणी बरोबर शब्द टाकला. "ही गढी आहे." आणि खरंच की! चारी बाजूंनी भिंत, मधे चौक, दारावर बुरुज, आत एक श्रीमंत घर. देशमुखाची गढी असते अगदी तशी. इंग्रजीत सगळ्याला कॅसल म्हणून मोकळे होतात, आपल्याकडे गड, कोट, जंजिरा, गढी, वाडा असे वेगवेगळे शब्द आहेत त्याचा इथे फार उपयोग होतो.

गढीवरून अजून एक गंमत. इथे पूर्वी घराच्या भिंतीवर कंगोरे बांधायचे असतील, म्हणजे ते वर दातेरी असतं ना, ज्याच्या आडून बाण मारता येतात, तर त्याला राजाची लेखी परवानगी लागायची. हेव्हरला ती १३८३ मधे मिळाली. उगाच कुणीही उठून घराचा किल्ला करायचा नाही, उद्या राजाच्याच विरोधात आत जाऊन बसला तर? हे वाचल्यावर मला लगेच सभासदाची बखर आठवली. त्याने लिहून ठेवलंय की महाराजांनी वतनदारांचे वाडे-कोट-बुरुज पाडायला लावले आणि यांनी रयतेसारखं साधं घर बांधून राहावं असा दंडक घातला. दुखणं एकच. इंग्लंडच्या राजाने लायसन्स काढलं, आपल्याकडे सरळ पहार लावली.

असो. आत गेलो.

हेव्हरमधे बघायच्या खरंतर तीनच गोष्टी, बाकी सगळं फर्निचर आणि चित्रं. एक म्हणजे अ‍ॅनची प्रार्थनेची पुस्तकं. दोन आहेत, तळहातावर मावतील अशी. एक हाताने लिहिलेलं, एक छापील, आणि दोन्हींत तिच्या हातचं लिखाण आहे. हस्तलिखितात तिने फ्रेंचमधे लिहिलंय, "वेळ येईल", आणि खाली सही. बास. कसली वेळ ते काही नाही. आणि छापील पुस्तकात काही वर्षांपूर्वी अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली बघितल्यावर खोडलेली नावं दिसली, आणि त्यावरून कळलं की अ‍ॅन गेल्यावर ते पुस्तक आसपासच्या नात्यागोत्यातल्या बायकांनी एकमेकींकडे देत देत जपलं. ज्या बाईला राजाने मारलं तिचं पुस्तक घरात ठेवणं म्हणजे काही सोपं काम नव्हतं त्या काळात. मी काचेला नाक लावून उभी होते आणि आई मागून म्हणाली, "आपल्याकडे नथ देतात तसं."

दुसरी गोष्ट म्हणजे पत्रं, जी तिथे नाहीयेत. हेन्रीने अ‍ॅनला लिहिलेली १७ प्रेमपत्रं आज चक्क व्हॅटिकनच्या लायब्ररीत आहेत. तो मागे लागला की ही बाई दरबार सोडून हेव्हरला माहेरी येऊन बसायची आणि मग तो तिकडून पत्रं लिहायचा. तिची उत्तरं एकही शिल्लक नाहीत. आई म्हणाली, म्हणजे त्याने जपली नाहीत. आता ते राजकारणात जळली का हरवली कोण जाणार सांगायला, पण आईचा निकाल लागून गेलेला.

आणि तिसरं, कुलूप. जेवणाच्या दालनाच्या दाराला हेन्रीचं कुलूप आहे. राजा कुठेही मुक्कामाला गेला की स्वतःचं कुलूप बरोबर न्यायचा आणि यजमानाच्या दाराला ठोकून घ्यायचा. विचार करा, तुमच्याकडे पाहुणा आलाय आणि आल्याआल्या तुमच्या बेडरूमच्या दाराला स्वतःचं कुलूप बसवतोय. नाही म्हणायची सोय नाही. माझं आपलं काही झालं तरी इतिहासाकडे लक्ष असतं, पण आई त्या कुलपापाशी इतका वेळ थांबली की मागे एक जपानी ग्रुप खोळंबला. वाकून, चष्मा वर करून, खालून वरून बघितलं. "आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याला असंच होतं. एवढं नक्षीचं नाही पण धूड असंच. किल्ली वीतभर." मी हो हो म्हणून तिला पुढे ओढली.

बाहेर कॅफेत बसल्यावर सातबारा सुरू झाला. म्हणलं, घर बोलिनांचं. अ‍ॅनच्या पणजोबाने १४६२ मधे घेतलं. मग अ‍ॅनच्या वडिलांच्या नावावर. मग १९ मे १५३६ ला तिचं डोकं उडवलं, तिच्या भावाचं तिच्या दोन दिवस आधी. वडील मागे राहिले आणि तीन वर्षांत तेही गेले, हेव्हरच्याच चर्चमधे पितळी पत्र्याखाली पुरलेत. आणि ते गेल्यावर घर आलं राजाकडे.

"म्हणजे मुलीला मारलं आणि माहेरचं घरही घेतलं?"

हो. आणि ऐक पुढे. राजाने १५४० मधे चौथं लग्न केलं, जर्मनीकडच्या अ‍ॅनशी, अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्ज. ती त्याला बघताच आवडली नाही, सहा महिन्यांत लग्न रद्द. ही दुसरी अ‍ॅन शहाणी, तिने मागच्या तिघींचं काय झालं ते बघितलेलं, तिने अजिबात भांडण केलं नाही, म्हणाली ठीक आहे. तर त्या बदल्यात तिला राजाची लाडकी बहीण असा किताब, रिचमंडचा राजवाडा आणि शिवाय काय, तर हे हेव्हर. पहिल्या अ‍ॅनचं माहेर दुसऱ्या अ‍ॅनला पोटगीत. ते तिच्याकडे १५५७ पर्यंत, म्हणजे ती मरेपर्यंत राहिलं. सहाजणींत सगळ्यांत शेवटी गेली ती हीच.

आईने स्कोनचा तुकडा चहात बुडवला (बुडवायचा नसतो, तो विरघळतो, पण सांगून उपयोग नाही) आणि म्हणाली, "ही खरी हुशार. मानही वाचवली आणि वाडाही घेतला." त्यानंतर पूर्ण उन्हाळाभर आमच्या घरात अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जचं नाव "ती हुशार बाई" असंच राहिलं.

आजचं जे हेव्हर दिसतं, तो इटालियन बगिचा, ते अवाढव्य तळं, ते सगळं मात्र बोलिनांचं नाही हां. १९०३ मधे विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर नावाच्या गडगंज अमेरिकन माणसाने पडीक झालेलं हेव्हर घेतलं, पाण्यासारखा पैसा ओतला, आठशे माणसं लावून दोन वर्षांत तळं खणलं, आणि पाहुण्यांसाठी मागे आख्खं ट्युडर गाव दिसावं अशी नवी बिल्डिंग बांधली. लोक तिचेच फोटो काढतात, किती जुनं किती जुनं करत. मी पण काढलेले आधी, डिलीट केले नाहीत.

दुसरी ट्रिप लीड्स कॅसल. हे लीड्स शहरात नाही! आम्ही इथे नवीन आलेलो तेव्हा नवऱ्याने लीड्सची ट्रेन तिकिटं जवळजवळ बुक केलेली, पेमेंटच्या पानावर चार तास वगैरे बघून त्याला शंका आली. लीड्स कॅसल केंटमधेच आहे, मेडस्टनजवळ, लेन नावाच्या बारक्या नदीच्या पाण्यात दोन बेटांवर. एकदा तिकीट काढलं की वर्षभर चालतं, म्हणून आम्ही तीनदा जाऊन आलो. आणि आत जाताना गेटहाऊसमधे कुत्र्यांच्या पट्ट्यांचं म्युझियम आहे, शेकड्याच्या वर पट्टे, काही खिळे लावलेले शिकारीचे, काही नुसते शोभेचे. का आहे विचारू नका. चिरंजीवांना कॅसलपेक्षा तेच आवडलं.

हा म्हणजे राण्यांचा किल्ला. आणि इथे आईच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं की मी स्वतः घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. १२७८ मधे एडवर्ड पहिल्याच्या राणीने, एलेनोरने, हा घेतला. ती गेल्यावर राजाने दुसऱ्या बायकोला दिला. आणि मग तो प्रघातच पडला, राजाने राणीला तिच्या हक्काच्या उत्पन्नात, म्हणजे नवऱ्यामागे तिला जगायला म्हणून जे लावून देतात त्यात, हा किल्ला द्यायचा. अशा सहा राण्या झाल्या. आता याच्यातली मेख अशी की इंग्लंडमधे साध्या बाईचं लग्न झालं की तिची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची, १८८२ चा कायदा येईपर्यंत. फक्त राणीला सूट. राणी लग्न झालं तरी स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शकायची, तिचे स्वतःचे कारकून, स्वतःचा वसूल. म्हणजे आख्ख्या देशात एकाच लग्न झालेल्या बाईचा स्वतंत्र सातबारा!

पण नावावर असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं, हे आईचं आवडतं वाक्य, तिने टेबलावर बसून हेच बघितलंय आयुष्यभर. लीड्सलाही तेच. १३२१ मधे इसाबेला राणी दारात येऊन उभी राहिली, रात्रीचा मुक्काम करायचाय. किल्ला तेव्हा एका सरदाराकडे होता, तो घरी नाही, त्याच्या बायकोने दार उघडायला नकार दिला. नुसता नकार नाही, वरून बाण सोडले, राणीची माणसं मेली. मग राजा फौज घेऊन आला, वेढा पडला, किल्ला घेतला, ती बाई टॉवर ऑफ लंडनमधे कैदेत, नवऱ्याला पुढच्या वर्षी फाशी. आई म्हणाली कब्जा सोडवायला गेल्यावर हे असंच होतं, तिच्या काळात तर एकदा सर्कल साहेबांवर कुत्रं सोडलेलं.

आणि जोन राणीची गोष्ट तर मला माहितीच नव्हती. नवरा गेला, सावत्र मुलगा राजा झाला, हेन्री पाचवा, तो मोठा पराक्रमी वगैरे ज्याचं सगळे कौतुक करतात तो. त्याला फ्रान्सच्या लढाईला पैसे कमी पडत होते आणि सावत्र आईच्या नावावर भरपूर उत्पन्न लावलेलं. १४१९ मधे तिच्यावर जादूटोण्याचा आरोप आला. खटला नाही, काही नाही, नुसती मालमत्ता जप्त आणि ती नजरकैदेत. त्यातला काही काळ ती याच लीड्समधे होती. स्वतः मरायच्या जरा आधी १४२२ मधे त्याने ते सगळं परत करायला सांगितलं. म्हणजे माहिती होतंच की आरोप खोटा आहे ते.

आई यावर काही बोलली नाही. खिडकीतून काळ्या हंसांकडे बघत बसली.

हेन्री आठव्यानेही पहिल्या राणीसाठी, कॅथरीन ऑफ अ‍ॅरॅगॉनसाठी, इथे वरचा मजला वगैरे वाढवून घेतला. १५२० मधे दोघं फ्रान्सच्या राजाला भेटायला निघालेले तेव्हा इथे मुक्काम केला, बरोबर लवाजमा पाच हजारांचा. पाच हजार लोकांचा स्वयंपाक! आमच्याकडे वीस जणांचा गणपतीचा नैवेद्य असतो तर मी आठवडाभर आधीपासून चिडचिड करते. लीड्सची शेवटची मालकीणही बाईच, लेडी बेली, तिने १९२६ मधे स्वतःच्या पैशांनी घेतला आणि १९७४ मधे जाताना ट्रस्टला देऊन गेली. तिच्या बेडरूममधला निळा रंग बघायला तरी जाच.

मधे एकदा हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला जाऊन आलो, त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनीच लिहिलंय. पण स्वयंपाकघर! दिवसातून दोनदा काहीशे माणसांचं जेवण निघायचं तिथून, आणि तिथे विटांच्या बांधीव शेगड्या आहेत कोळशाच्या, अगदी आपल्याकडे होत्या तशा. आईने हात ठेवून उंची बघितली आणि म्हणाली कंबरेला बरी आहे. तिथल्या मोठ्या हॉलमधे लाकडी पडद्यावर हेन्री आणि अ‍ॅनची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली कोरलीत. अ‍ॅनला मारल्यावर तिची सगळी चिन्हं काढून टाकायची ऑर्डर निघाली, सुतारांनी भराभरा तासली, आणि घाईत काही राहून गेली. आणि तो राजवाडाही मुळात राजाचा नव्हेच, त्याच्या मंत्र्याने, कार्डिनल वुल्सीने, बांधलेला, राजाची नजर पडली तसा त्याने "भेट" दिला. आईने विचारलं, बक्षीसपत्र राजीखुशीने का? म्हणलं तूच काय ते समज.

आता नोल. याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली खरंतर आणि बाकीच्यातच एवढा वेळ गेला.

नोल सेव्हनओक्सला आहे, हजार एकराच्या हरणांच्या रानात. हरणं इतकी निर्ढावलीत की पार्किंगमधे डब्यातली पोळी मागायला येतात (देऊ नका, बोर्ड लावलेत). हे कॅसल नाही, घर आहे, पण घर कसलं, गावच. ३६५ खोल्या, ५२ जिने, ७ चौक असं सांगतात, म्हणजे वर्षाचे दिवस, आठवडे आणि वार. मोजले कुणी देव जाणे. आधी कँटरबरीच्या आर्चबिशपचं, म्हणजे इथल्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूचं, मग, हो, अर्थात, हेन्री आठव्याला आवडलं आणि आर्चबिशपला १५३८ मधे द्यावं लागलं. (इथे आई नुसती हसली. या माणसाची सवय तिला एव्हाना कळलेली.) पुढे सॅकव्हिल घराण्याकडे आलं, जे बोलिनांचे नातेवाईकच लागतात, आणि चारशे वर्षं त्यांच्याकडे राहिलं.

नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे अशा जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या, घरांमधे प्रत्येक खोलीत एक तरी स्वयंसेवक आजी-आजोबा बसलेले असतात, गळ्यात बिल्ला, आणि कुणीतरी प्रश्न विचारावा म्हणून त्यांचा जीव तळमळत असतो. आपण लोक लाजून पुढे जातो. लाजू नका. नोलच्या एका आजींनी आम्हाला फोटो दाखवले, राजाच्या खोलीच्या जमिनीखालच्या तुळयांचे. त्यावर काटाकाटाच्या रेघा आणि एकात एक अडकवलेले व्ही असे कोरलेत. २०१४ मधे दुरुस्तीसाठी फळ्या उचकटल्या तेव्हा सापडले. १६०६ च्या सुमाराचे. जेम्स राजा मुक्कामाला येणार म्हणून खोली तयार होत होती, आणि जेमतेम काही महिन्यांपूर्वी पार्लमेंट दारूगोळ्याने उडवायचा कट पकडलेला, सगळा देश घाबरलेला, भुताखेतांवर चेटकिणींवर विश्वास, त्यामुळे सुतारांनी फायरप्लेसच्या आसपास, धुराड्यातून काही वाईट आत येऊ नये म्हणून तुळयांना या खुणा करून ठेवल्या आणि वर फळ्या ठोकल्या. चारशे वर्षं कुणाला पत्ता नाही. म्हणजे आपल्या नव्या बिल्डिंगला काळी बाहुली टांगतात तेच. आणि एवढं करून राजा काही आलाच नाही म्हणे.

मी हे सगळं आईला मराठीत सांगत होते तेवढ्यात तिने स्वतःच आजींना विचारलं, माझी वाट न बघता, "धिस हाउस, हूज नेम?"

आजी एकदम खुलल्या. खुर्ची पुढे ओढून बसल्या.

लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट इथे जन्मली १८९२ मधे. आईबापांची एकुलती एक. या घराचा एकेक जिना तिला पाठ, आलेल्या पाहुण्यांना लहानपणी तीच फिरवायची. वडील १९२८ मधे गेले आणि घर गेलं तिच्या काकांकडे. कारण मुलगी. इथल्या मोठ्या घराण्यांमधे सगळं एकाच पुरुष वारसाला, बाकीच्यांना काही नाही. त्यामुळेच तर ही घरं चारशे चारशे वर्षं आख्खी राहिली, तुकडे पडले नाहीत. आपल्याकडे उलटं. सगळ्या मुलांचा सारखा हक्क, म्हणून चार पिढ्यांत अकरा हिस्से, एका चौकात तीन भिंती, पन्हळ कुणी दुरुस्त करायची यावरून भांडण. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आपण बघायला जातो तेव्हा कळत नाही की असे किती वाडे नुसते सह्या होईनात म्हणून बसले. यांचं घर राहिलं आणि मुलगी बाहेर गेली, आपलं घर पडलं, आणि मुलगी तरीही बाहेरच होती म्हणा.

व्हिटाने पुढे १९३० मधे सिसिंगहर्स्ट नावाची एक पडकी जुनी वास्तू घेतली आणि तिथे जी बाग केली ती आज जगभरातून लोक बघायला येतात. नोल १९४६ मधे ट्रस्टकडे गेलं. त्या आजी सांगत होत्या आणि मी भाषांतर करत होते, "कारण मुलगी" या वाक्यापाशी आईने मला हाताने थांबवलं. समजलं होतं तिला.

बाहेर आल्यावर चौकातल्या बाकावर बसलो. मी डबा काढला, दशम्या आणि लसणाची चटणी. आई म्हणाली, आमचा वाडा पण तुझ्या मामांच्या नावावर गेला ना.

मला हे अर्धवट माहिती होतं. आपल्या महाराष्ट्रात १९९४ ला कायदा झाला मुलींच्या हक्काचा, देशभरात २००५ ला, म्हणजे आपण आधी होतो. आई स्वतः त्या टेबलावर बसलेली, लोकांच्या बहिणींना सांगायची बाई गं वाचून सही कर. आणि कायदा झाल्यावर चार-पाच वर्षांनी मामा पेढे घेऊन आले आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. "वाचून केलीस?" "पाठ होतं मला ते. मीच तर ड्राफ्ट दुरुस्त करून दिला, त्यात गट नंबर चुकलेला." हे सांगताना तिला हसू आलं, मला नाही आलं. म्हणलं मग का केलीस. तर म्हणाली भाऊबीज तोडायची होती का, आणि बाकीच्या हिश्श्यांचं भांडण चाललेलंच होतं, त्यात अजून एक नाव कशाला. वाडा पुढे कुणालाच झाला नाही. माळवद बसलं, मग एका पावसाळ्यात मागची भिंत, मग दिंडीदरवाजा कुणीतरी विकला फार्महाऊसवाल्याला.

"पण किल्ली आहे माझ्याकडे," आई म्हणाली.

"कसली?"

"वाड्याची. ते हेव्हरला कुलूप नव्हतं का. तसली. तुझ्या आजीने दिलेली मला शेवटचं गेले तेव्हा. कुलूप गेलं कुठे कोण जाणे."

"आई, कुठे ठेवलीयेस? म्हणजे बँकेत वगैरे?"

"बँकेत काय ठेवायचंय. गच्चीत असते. पापड वाळत घातले की प्लास्टिकचा कागद उडतो, त्याच्यावर ठेवते. चांगली जड आहे."